अंत्युखियातल्या पंगतीतून पेत्र का उठला

पेत्र एकदम ताट सारून उठला नसावा. आधी एखाद दिवशी आलाच नाही, मग आला पण जेवला नाही, मग 'आज जरा तिकडे बोलावलंय' असं काहीतरी झालं, आणि थोड्या दिवसांत सगळ्यांच्याच लक्षात आलं की हा माणूस आता आपल्यात जेवत नाही. ज्यांनी घरात किंवा गावात पंगती बघितल्यात त्यांना हे वेगळं समजावायला नको, कुणी कुणाच्या हातचं खाणं बंद केलं की ते तोंडाने सांगावं लागत नाही, दोन दिवसांत गावभर होतं.

गाव अंत्युखिया. तेव्हाच्या रोमन सिरियाची राजधानी, आताचं तुर्कस्तानातलं अंताक्या, २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात ज्याची पार दैना झाली तेच. साल अंदाजे इसवी सन ४८-४९. येशूला क्रूसावर चढवून उणीपुरी वीस वर्षं झालेली. त्याला मानणाऱ्यांचा एक गट या शहरात होता आणि त्यात ज्यू होते तसेच ज्यू नसलेले पण होते, म्हणजे ग्रीक, सिरियन, जे कोण असतील ते. आणि हे सगळे एकत्र जेवत होते. येशूचा सगळ्यात जवळचा शिष्य पेत्र तिथे आला तेव्हा तोही बसला त्यांच्यात. मग यरुशलेमहून 'याकोबाकडची काही माणसं' आली (याकोब म्हणजे तिथल्या गटाचा पुढारी), आणि पेत्र मागे सरकायला लागला. त्याचं बघून बाकीचे ज्यू पण सरकले. आणि बर्णबा, जो येशूची शिकवण गावोगाव सांगत फिरणाऱ्या पौलाचा इतकी वर्षं सोबती होता, त्याच्याबरोबर फिरला होता, तो पण. पौल भडकला आणि सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर बोलला, की तू ज्यू असून इतके दिवस ज्यूंसारखा राहत नव्हतास, मग आता या लोकांना ज्यू व्हायची सक्ती कोणत्या तोंडाने करतोस?

हे सगळं पौलाने स्वतः लिहून ठेवलंय, गलतीकरांना पाठवलेल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात. मी ख्रिस्ती नाही, देवभोळा तर नाहीच नाही, पण जुन्या लोकांची पत्रं वाचायचा नाद आहे, आणि मला विचाराल तर ख्रिस्ती धर्म सुरू कसा झाला हे समजून घ्यायला या पाच-सहा ओळींइतकी चांगली जागा दुसरी नाही. गोठा, मेंढपाळ, तारा, पूर्वेकडचे ज्ञानी हे सगळं नंतरच्या कागदांत येतं. सगळ्यात जुन्या कागदांत काय आहे, तर कोण कुणाबरोबर जेवणार यावरचं भांडण.

कागद जुने-नवे कसे ठरतात ते सांगायला पाहिजे. बायबलच्या नव्या करारात २७ पुस्तकं आहेत आणि छापताना आधी चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, येतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की तीच आधी लिहिली गेली. तसं नाहीये. आधीची आहेत पौलाची पत्रं. त्याच्या नावावर तेरा आहेत, त्यातली सात नक्की त्याचीच याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही, आणि बहुतेकांच्या मते त्यातलं सगळ्यात जुनं, थेस्सलनीकाकरांना पाठवलेलं पहिलं पत्र, साधारण इसवी सन ५० चं. तारीख पक्की करायला एक फार सुंदर पुरावा सापडलाय. नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात येतं की करिंथ शहरात पौलाला गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यापुढे उभं केलं होतं, आणि ग्रीसमध्ये डेल्फीला एका शिलालेखाचे तुकडे मिळाले ज्यात क्लॉडियस बादशहा याच गल्लियोचं नाव घेतो, त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ च्या आसपास बसते. (हा गल्लियो म्हणजे सेनेका तत्त्वज्ञाचा सख्खा भाऊ.) म्हणजे पौल त्या वर्षी करिंथमध्ये होता. चार शुभवर्तमानांपैकी सगळ्यात आधीचं मार्कचं, ते मात्र सन ७० च्या आगेमागे. मत्तय आणि लूक त्यानंतर, योहान अजून पुढे.

तर पत्र वाचताना आपण वीस वर्षांच्या अंतरावर असतो, चाळीस-पन्नास नाही. आणि पौल लिहितो पण असा की समोर बसून बोलतोय. खरंतर तो बोलतच असे, लिहिणारा दुसराच. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तो लेखनिक मध्येच डोकं काढतो, हे पत्र लिहून घेणारा मी तर्तिय, माझाही तुम्हाला सलाम. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर कमालच आहे. तिथे गट पडलेत, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा (हा आणखी एक प्रचारक), मी केफाचा (म्हणजे पेत्राचाच) असं चाललंय, म्हणून पौल वैतागून म्हणतो की बरं झालं मी क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यातल्या कुणाचाच बाप्तिस्मा केला नाही. मग आठवतं. हां, स्तेफनाच्या घरच्यांचा पण केला होता. मग म्हणतो, त्याशिवाय अजून कुणाचा केला असेल तर मला आठवत नाही. आता हे वाक्य मागे जाऊन खोडता आलं असतं, नाही खोडलं, आणि जवळपास दोन हजार वर्षं ते पवित्र ग्रंथात जसंच्या तसं बसलंय. मला या माणसाचं हे फार आवडतं. गलतीकरांच्या पत्रात तर तो सुरुवातीचं नेहमीचं आभारप्रदर्शन पण गाळतो, पुढे त्यांना सरळ बुद्धिहीन म्हणतो, आणि जे लोक सुंता करून घ्या म्हणून मागे लागलेत त्यांनी स्वतःचं सगळंच छाटून घ्यावं असं म्हणून मोकळा होतो. शेवटी लेखणी स्वतःच्या हातात घेतो आणि म्हणतो, बघा केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय मी.

जेवणावरून एवढं रामायण का, असा प्रश्न मला कधी पडला नाही कारण मी माझ्या आजीच्या हाताखाली वाढलो. आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता, मोरीजवळच्या फळीवर उपडा घातलेला, आणि आजी त्यांना चहा भरपूर देई, साखर जास्त घालून देई, त्यांच्या पोरीच्या लग्नाला साडी पण दिली, पण कप तोच. आणि पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेलं चहाचं प्रकरण तर माहीतच असेल, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी बडी बडी मंडळी मिशनऱ्यांकडे व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि मग ग्रामण्य, शंकराचार्य, प्रायश्चित्त हे सगळं महाभारत. एक कप चहा. त्यामुळे अंत्युखियात काय पेटलं असेल ते मराठी माणसाला पटकन कळतं.

पण इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, नाहीतर याकोब म्हणजे सनातनी खलनायक आणि पौल म्हणजे सुधारक असा सोपा सिनेमा होतो. आपल्याकडच्या शिवाशिवीत वरचा खालच्याला लांब ठेवत होता. ज्यूंचं तसं नव्हतं, ते रोमन साम्राज्यातले अल्पसंख्य. शब्बाथ म्हणजे आठवड्यातला विश्रांतीचा दिवस, सुंता आणि खाण्याचे नियम, या तीन गोष्टींवर ते इतरांत विरघळून न जाता टिकले होते, आणि हे नियम पाळायची किंमत त्यांनी मोजली होती. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमाराला अंत्योख चौथा या राजाने हे सगळं बंद पाडायचा प्रयत्न केला, डुकराचं मांस खायला नकार दिला म्हणून माणसं मेली अशा कथा ज्यू घरांत पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात. तो राजा राज्य करायचा ते कुठून, तर याच अंत्युखियातून. आता यरुशलेमहून आलेल्या माणसाला त्याच शहरात आपला सगळ्यात ज्येष्ठ माणूस परक्यांच्या ताटात जेवताना दिसला तर त्याला काय वाटेल?

आणि याकोब कुणी ऐरागैरा नव्हता. येशूचा भाऊ. पौल स्वतःच त्याला 'प्रभूचा भाऊ' म्हणतो, यरुशलेमला पंधरा दिवस पेत्राकडे राहिलो तेव्हा तो भेटला होता असं सांगतो. नंतर चौदा वर्षांनी परत गेला तेव्हा याकोब, पेत्र आणि योहान या तिघांशी, ज्यांना तिथले 'खांब' म्हणत, त्याचा समझोता झाला, हातात हात दिला गेला, तुम्ही ज्यूंकडे जा आम्ही बाकीच्यांकडे जातो, फक्त गोरगरिबांची आठवण ठेवा. परक्यांवर सुंतेची सक्ती करायची नाही हे ठरलं. एका टेबलावर जेवायचं की नाही हे बहुतेक कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, किंवा आलं असेल पण ऐन समझोत्यात अवघड विषय कोण काढतो. दोन्ही बाजू आपापल्या घरी गेल्या आणि दोघांनाही वाटलं की आपलं म्हणणं मान्य झालं.

पौलाला येशू जिवंतपणी भेटलाच नव्हता हे पण लक्षात ठेवायला हवं. समोर येशूबरोबर फिरलेला, जेवलेला पेत्र, आणि मागे येशूचा भाऊ. यांना हा माणूस सांगतोय की तुम्ही शुभवर्तमानाच्या सत्याला धरून वागत नाही. धाडस म्हणा, आगाऊपणा म्हणा.

मग पेत्र काय म्हणाला? पौल सांगत नाही. स्वतःचं बोलणं सांगतो, ते बोलता बोलता कधी गलतीकरांशी बोलायला लागतो कळत पण नाही, आणि पेत्राचं उत्तर येतच नाही. बऱ्याच अभ्यासकांचा तर्क असा की त्या दिवशी पौल हरला. जिंकला असता तर पत्रात ठणकावून सांगितलं असतं, पेत्राने चूक कबूल केली असती तर गलतीकरांविरुद्धच्या वादात याहून मोठा हुकमाचा पत्ता कोणता होता? मला हा तर्क पटतो. त्यानंतर पौल पश्चिमेकडे निघाला, बर्णबा बरोबर नाही. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक बरंच नंतरचं, त्यात अंत्युखियातल्या जेवणाचं नावसुद्धा नाही. तिथे यरुशलेमची बैठक गुण्यागोविंदाने पार पडते, मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं हे खाऊ नका आणि जारकर्म टाळा एवढ्या चार अटी ठरतात, आणि पौल-बर्णबा वेगळे का झाले तर मार्क नावाच्या पोराला बरोबर न्यायचं की नाही यावरून. घराण्यातलं भांडण पुढच्या पिढीला सांगताना आपण पण असंच सांगतो.

गंमत म्हणजे हेच भांडण पुढे शुभवर्तमानांत येशूच्या तोंडून चालू राहतं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो, बाहेरून पोटात जातं त्याने माणूस विटाळत नाही, आतून निघतं त्याने विटाळतो. आणि मार्क तिथे स्वतःची एक पुरवणी जोडतो, असं म्हणून त्याने सगळं अन्न शुद्ध ठरवलं. मत्तयाने मार्क समोर ठेवून लिहिलं असं बहुतेक मानतात, त्याच्या पंधराव्या अध्यायात हाच प्रसंग आहे, वाक्यं पण बरीचशी तीच, पण ती पुरवणी नाही. गाळली. त्याच मत्तयाकडे येशू म्हणतो की मी नियमशास्त्र मोडायला आलेलो नाही. शेजारी शेजारी ठेवून दोन्ही परिच्छेद वाचा, पाच मिनिटांचं काम आहे, दोन वेगळ्या पंगती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. आणि जरा विचार करा, येशूने खरंच 'सगळं खा' असं स्वच्छ सांगितलं असतं तर वीस वर्षांनी त्याचा शिष्य अंत्युखियात कशाला घाबरला असता. प्रेषितांच्या कृत्यांत तर पेत्राला यापो गावात गच्चीवर भूक लागलेली असताना आकाशातून प्राण्यांनी भरलेली चादर दिसते, मारून खा असा आवाज येतो, आणि तो म्हणतो, छे छे प्रभू, मी अशुद्ध काही कधी खाल्लेलंच नाही. म्हणजे येशूबरोबर फिरताना पण नाही!

करिंथमध्ये तर जेवणाचं भांडण वेगळ्याच अंगाने. तिथे प्रश्न गरीब-श्रीमंताचा. हे लोक कुणाच्या तरी घरी जमत, चर्चची इमारत वगैरे प्रकारच नव्हता. पौल लिहितो, तुम्ही जमता आणि जो तो आपलं आपलं आधीच खाऊन घेतो, एक उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना लाजवता का? श्रीमंत मंडळी लवकर येऊन आतल्या खोलीत रोमन रीतीप्रमाणे आडवी होऊन जेवत असणार आणि गुलाम, मजूर दिवसभराचं काम आटपून येईपर्यंत उरलंसुरलं, तेही बाहेरच्या चौकात. आता या झापण्याच्या मध्येच पौल त्यांना आठवण करून देतो, ज्या रात्री प्रभू येशूला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, आभार मानून मोडली... हे जगातल्या बहुतेक चर्चमध्ये म्हटले जाणारे शब्द. ते कागदावर पहिल्यांदा आलेले आपल्याला दिसतात ते इथे, कुणी किती खाल्लं यावरून सुनावताना. करिंथची मंडळी नीट वाढून जेवली असती तर पौलाने ते लिहिले असते की नाही कुणास ठाऊक.

यरुशलेमच्या गटाचं पुढे काय झालं ते चटकन सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं फार उरलेलंच नाही. सन ६२ मध्ये अनन नावाच्या महायाजकाने मधला रोमन सुभेदार मेलेला आणि नवा पोचायचा असताना संधी साधून याकोबाला दगडमार करवून मारलं, हे योसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहिलंय. ७० साली रोमन सैन्याने मंदिर पाडलं. पौलाने वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली ती यरुशलेमची मंडळी त्यानंतर मोठं केंद्र म्हणून उरली नाही. वाद पौलाने जिंकला तो युक्तिवादाने कमी आणि समोरची बाजू नाहीशी झाल्यामुळे जास्त, असं माझं मत आहे. याकोबाच्या माणसांनी अंत्युखियाहून परत जाऊन काय सांगितलं, त्याचा एकही कागद नाही.

पण मधल्या मार्गाचे लोक होते. दिदाखे नावाची एक छोटी नियमपुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, हिची पोथी १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ब्रिएनियोस नावाच्या धर्मगुरूला सापडली. काय गोड पुस्तक आहे! खाण्याच्या नियमांबद्दल ती म्हणते, जेवढं झेपेल तेवढं पाळ, फक्त मूर्तीला वाहिलेलं मात्र कटाक्षाने टाळ. उपवासाबद्दल म्हणते, ते ढोंगी लोक सोमवार-गुरुवार उपास करतात, तुम्ही बुधवार-शुक्रवार करा. म्हणजे उपास सोडायचा नाही, वार बदलायचा. फिरत्या संदेष्ट्याला एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन, तिसरा दिवस राहिला की समजा खोटा, आणि अंगात आल्यावर जेवण मागवून स्वतःच खायला बसला तर तोही खोटा. हे नियम लिहिणाऱ्याला अनुभव आलेला होता एवढं नक्की.

आणि बाहेरच्यांना काय दिसत होतं? सन ११२ च्या सुमाराला काळ्या समुद्राकाठच्या प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजानला लिहितो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशी केली, दोन दासींचे हाल करून माहिती काढली, तर निघालं एवढंच की ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर परत जेवायला जमतात, जेवण मात्र साधंच, निरुपद्रवी. त्याला जेवणाची खास चौकशी करावीशी वाटली. तरी 'मी ख्रिस्ती' हे पुन्हा पुन्हा विचारूनही न सोडणाऱ्यांना त्याने मारलंच.

पेत्र-पौलाची ती तू-तू मैं-मैं पुढच्या चर्चला फार अवघड गेली, कारण दोघेही संत. अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित क्लेमेंट म्हणाला की पौलाने ज्याला झापलं तो केफा म्हणजे आपला पेत्र नव्हेच, त्याच नावाचा दुसरा कुणी. बायबलचा लॅटिन अनुवाद करणारा जेरोम म्हणाला, भांडण झालं पण ते नाटक होतं, दोघांनी मिळून लोकांना धडा द्यायला केलेलं. त्यावर उत्तर आफ्रिकेतून ऑगस्टीन या दुसऱ्या धर्मपंडिताने त्याला लिहिलं की पवित्र ग्रंथात एक जरी सोयीचं खोटं मान्य केलं तर मग बाकी कशावर भरवसा ठेवायचा, आणि हे पत्र बेथलेहेमला जेरोमच्या हातात पडायच्या आधी रोममध्ये लोकांनी वाचलं, मग जेरोम जो फुगला तो फुगलाच. ऑगस्टीनचं बरोबर होतं असं मला वाटतं, पण जेरोमचा त्रागा वाचायला जास्त मजा येते.

आणि हे दोघे पत्रातून भांडायला लागायच्या थोडं आधी, सन ३८६-३८७ मध्ये, खुद्द अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम नावाचा धर्मगुरू आठ प्रवचनं देत होता. अतिशय कडवट, ज्यूंबद्दल इतकं विषारी बोललाय की पुढे शेकडो वर्षं ज्यूंचा छळ करणाऱ्यांनी त्याचे दाखले दिले. पण तो चिडलाय कुणावर हे बघितलं तर चिडलाय स्वतःच्याच माणसांवर. ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सभास्थानात जातात, शिंगं फुंकायच्या सणाला जातात, त्यांच्याबरोबर उपास धरतात, आजारी पडलं की शहराजवळच्या दाफ्ने नावाच्या उपनगरातल्या सभास्थानात जाऊन झोपतात. एका प्रवचनात तो सांगतो की एक ख्रिस्ती माणूस एका बाईला ओढत सभास्थानाकडे नेत होता, कशाला तर व्यवहाराच्या भांडणात शपथ घ्यायला, आणि अडवून विचारलं तर म्हणाला, तिथली शपथ जास्त कडक असते असं लोक म्हणतात. साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला अधिकृत करून तेव्हा सहा-सात वर्षं होत आली होती.